डावं फूल

आमच्या गावात अजून सांगतात, की त्या दुपारी देवळातली नगाऱ्याची काठी आपोआप हलली. नगारा वाजवणारं मशीन बंद होतं, देवळाच्या आतल्या चौकात वारा नव्हता, कोणी हात लावला नव्हता, आणि देवाने कौल दिला त्याच क्षणी काठी वर उचलली गेली आणि परत खाली टेकली. सांगणाऱ्यांपैकी मोजक्यांनी ती पाहिली आहे. बाकीच्यांनी पाहणाऱ्यांकडून ऐकली आहे, पण आता त्यांनाही ती पाहिल्यासारखीच आठवते. मी ही गोष्ट लग्नाच्या मांडवात ऐकली, बाराव्याच्या जेवणात ऐकली, म्हापशाच्या बाजारात एका अनोळखी माणसाकडूनही ऐकली. प्रत्येक वेळी गप्प राहिलो.

काठी मी हलवली होती. हे लिहिण्याचं कारण एवढंच, आणि लिहायला फार उशीर झाला आहे हेही आधीच सांगून टाकतो.

आमचं घर पेडणे तालुक्यात, देवळापासून हाकेच्या अंतरावर. नोकरी मात्र मी आयुष्यभर डिचोलीला केली, एका लहान कारखान्यात. तिथे खाणींवरच्या खनिज वाहून नेणाऱ्या पट्ट्यांसाठी आणि पंपांसाठी मोटरींची पॅनेलं बनत. पॅनेल गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी ते मुद्दाम बिघडवून पाहायचं आणि बिघाड कुठे आहे ते शोधून काढायचं, हे माझं काम. लग्न केलं नाही. माझा थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणायचो, त्याचं पेडण्याच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. दादा, वहिनी आणि मी एकाच घरात राहिलो. त्यांना मूल झालं नाही. तीन म्हातारी माणसं, एक चूल, आणि जेवताना ठरलेला वाद, देव आहे की नाही. दादा म्हणायचा, आहे. मी म्हणायचो, असेल तर त्याचा नंबर दे, फोन लावतो. वहिनी वाढता वाढता म्हणायच्या, "आधी जेवून घेवा. फोन काय पळून जाता?"

देवळात आरतीला नगारा वाजवणारं एक घर होतं. त्यातला शेवटचा वाजवणारा बोटीवर नोकरीला गेला. मग देवळाच्या समितीने विजेवर चालणारं तयार मशीन आणलं. एक मोटर, तिच्या एका अंगाला नगाऱ्यावर पडणारी काठी, दुसऱ्या अंगाला झांजा आणि घंटा. बटण दाबलं की भाताची गिरण सुरू झाल्यासारखा धडधडाट. आमचा गुरव शाळेत माझ्या बाकावर बसायचा, त्यामुळे माझ्यापाशी मोकळेपणाने बोलतो. तो म्हणाला, "देव जागो होता खरो, पण रागान."

मी नुकताच निवृत्त झालो होतो. हात शिवशिवत होते. म्हटलं, ही मोटर मी जुन्या वाजवणाऱ्याच्या लयीत चालवून दाखवतो. त्यासाठी माझ्याकडे एक वस्तू होती. मोटर चालवणारी चिप बनवणाऱ्या कंपन्या ती चिप एका छोट्या बोर्डावर लावून देतात, म्हणजे विकत घेण्याआधी कारखान्यातल्या माणसाला ती टेबलावर ठेवून, लॅपटॉप जोडून तपासता येते. त्याला इव्हॅल्युएशन बोर्ड म्हणतात. असा एक बोर्ड कारखान्याच्या कपाटात पडून होता. जाताना मी तो मागून घेतला होता.

मशीन चौकातल्या भिंतीवर, गर्भकुडीच्या, म्हणजे गाभाऱ्याच्या, दाराला लागून, एका जाड फळीवर बसवलेलं होतं. बोर्ड मी त्या फळीमागे लावला. लॅपटॉप मात्र देवाच्या चौकात नको, असं गुरवाने बजावलं. "चपलां भायर, तसां ह्यांय भायर." म्हणून मी एक लांब वायर खिडकीतून बाहेर काढली आणि देवळाच्या बाहेरच्या सोप्यावर, म्हणजे भिंतीला लागून असलेल्या दगडी बाकावर, बसून काम करू लागलो. तिथून आतलं ऐकू येई, दिसत नसे.

बोर्ड चांगला चालला. आरतीला नगारा खरोखरच हातांनी वाजवल्यासारखा घुमू लागला. म्हातारी माणसं डोळे मिटून ऐकत. मग जत्रा जवळ आली, आणि एके दिवशी लय थोडी बदलावी म्हणून लॅपटॉप लावला, तर पडद्यावर अक्षरं आली, बोर्ड सापडला नाही.

त्याच आठवड्यात दादाचा निर्णय व्हायचा होता. त्याच्या काळजातली एक झडप निकामी होत चालली होती. जिना चढला की ओठ काळे पडत. डॉक्टर म्हणाले होते, छाती उघडून झडप बदलावी लागेल, आणि ती आताच बदलावी. मी म्हटलं, उद्या चल. दादा म्हणाला, "देवाक विचारतंय."

"डाक्टराक विचारलंस मरे?"

"डाक्टर होय म्हणतलोच. तेचो धंदोच तो."

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठा निर्णय असला की आम्ही देवाचा कौल घेतो. गुरव देवाच्या पाषाणावर पाणी घालतो आणि त्या ओल्या दगडावर उजव्या व डाव्या अंगाला पिटकोळीची लाल फुलं चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न मांडतो. उजवीकडचं फूल आधी पडलं तर देव होय म्हणाला, डावीकडचं पडलं तर नको म्हणाला. जमिनीचा व्यवहार, मुलीचं स्थळ, परदेशची नोकरी, सगळं असं विचारलं जातं. मी कधी विचारलं नव्हतं.

दुपारची वेळ होती. दादा, वहिनी आणि शेजारचं एक जोडपं देवळात आले. मीही त्यांच्याबरोबर गेलो, पण बगलेत लॅपटॉप घेऊन. मला राग आला होता. माझा भाऊ दगडाला फुलं चिकटवून आपल्या काळजाचा निकाल लावणार होता, आणि मी तिथे हात जोडून उभा राहणार नव्हतो. पायरीवर मी त्याला म्हटलं, "तू तुज्या देवाक विचार, मी माज्या बोर्डाक विचारतंय. बगूया पयली जाप कोण दिता."

जाप म्हणजे उत्तर. दादा हसला आणि आत गेला.

मी सोप्यावर बसलो. आतून गुरवाने ओरडून विचारलं, "मशीन बंद मा रे?"

मी म्हटलं, "बंदच असा. मेल्यासारखां पडलां. जाप दिना."

मोटरीचा वीजपुरवठा चालू होता. तो मी काढला नव्हता. हुकूम मिळाल्याशिवाय मोटर हलत नाही, आणि हुकूम पोहोचतच नाही अशी माझी खात्री होती, कारण पडदा सांगत होता की बोर्ड नाही.

मग मी नेहमीचं सुरू केलं. वायर बदलली, कारण काही वायरी फक्त फोन चार्ज करण्याच्या असतात, निरोप नेत नाहीत. दुसऱ्या खाचेत घातली. लॅपटॉपमधला तो बोर्ड ओळखणारा प्रोग्रॅम काढून परत घातला. निरोपाचा वेग कमी केला, वाढवला. प्रत्येक बदलानंतर एक बटण दाबून पाहायचं, मोटर किंचित फिरव. प्रत्येक वेळी तीच अक्षरं, बोर्ड सापडला नाही.

आत गाऱ्हाणं सुरू झालं. गुरवाचा आवाज एरवी चिरका आहे, पण गाऱ्हाणं घालताना तो दुसऱ्याच कोणाचा तरी होतो. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुजो लेकरू आज तुज्या पायाकडे इलोहा..." आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे म्हणत, "होय म्हाराजा." चिऱ्याच्या भिंतीतून ऊन बाहेर पडत होतं. तळीत बेडूक नव्हते, झाडावर कावळा नव्हता. मला आठवतं की एका क्षणी मला वाटलं, सगळं गाव आत आहे आणि मी एकटाच बाहेर राहिलो आहे. मी बटण दाबलं.

आत होय म्हाराजा थांबलं. परत सुरू झालं नाही.

मग वहिनींच्या तोंडून एक अगदी बारीक आवाज आला, भाजल्यावर येतो तसा. मी लॅपटॉप ठेवून दारात गेलो. देवाच्या पायाशी डाव्या बाजूचं फूल पडलेलं होतं. पण कोणी त्या फुलाकडे पाहत नव्हतं. सगळे भिंतीकडे पाहत होते, नगाऱ्याच्या काठीकडे. गुरवाने देवाकडे पाठ करून तिला हात जोडले होते.

"काठी हल्ली," शेजारीण म्हणाली.

मी म्हटलं, "वारो आसतलो."

"वारो खंय असा?" गुरव म्हणाला. देवापुढच्या समईची ज्योत सरळ उभी होती.

आता जे लिहितो ते कोणाला खोटं वाटेल, पण खरं आहे. त्यानंतर काही दिवस मीच सगळ्यांत जास्त घाबरलेला होतो. गुरवाला आणि दादाला त्यात भिण्यासारखं काही वाटलं नाही, त्यांचा देव होता, तो बोलला. माझ्याकडे मात्र ती काठी ठेवायला जागाच नव्हती. माझ्या माहितीप्रमाणे ते यंत्र हलणं शक्य नव्हतं. देवळासमोरून जाताना मी पलीकडच्या कडेने जाऊ लागलो. घरी जेवताना वाद घातला नाही. दादाने एकदा विचारलं, "फोन लागलो वाटता तुजो?" मी हसलोसुद्धा नाही.

जत्रेआधी मशीन दुरुस्त करणं भाग होतं. भर दुपारी गुरव जेवायला गेलेला असताना मी गेलो. देवळात कोणी नव्हतं. चौकात पाय टाकला तर कोणीतरी आपल्याला बघून बोलणं थांबवावं तशी तिथली शांतता होती. फळी उघडली. बोर्डाच्या जोडणीत बारीक पिना ओळीने असतात. एका पिनेने हुकूम आत जातो, दुसरीने उत्तर बाहेर येतं. उत्तराची पीन हिरवी पडली होती. समईची काजळी, कापूर आणि आमच्याकडची दमट हवा, त्यांनी पितळ खाल्लं होतं. हुकुमाची पीन लखलखीत होती.

मी लगेच साफ केलं नाही. नियम मोडून लॅपटॉप आत आणला, जमिनीवर ठेवला, डाव्या हाताचा तळवा काठीखाली धरला आणि उजव्या हाताने बटण दाबलं. पडद्यावर आलं, बोर्ड सापडला नाही. आणि माझ्या तळव्यावर काठी उचलली गेली, क्षणभर थांबली, आणि परत येऊन टेकली. आवाज नाही. वासराने नाक लावून पाहावं तशी.

मी परत दाबलं. परत हलली. मग तळवा काठीखालून काढून मी भिंतीला लावला आणि पुन्हा बटण दाबलं. गर्भकुडीच्या भिंतीत एक बारीक थरथर जात होती, जेमतेम कळेल इतकी.

म्हणजे ज्याला मी मेला समजत होतो तो सगळं ऐकत होता. मी सोप्यावर बसून दाबलेलं प्रत्येक बटण त्याला पोहोचलं होतं. त्याने प्रत्येक वेळी सांगितल्याप्रमाणे केलं होतं, आणि केलं म्हणून कळवलंही होतं. फक्त त्याचं कळवणं माझ्यापर्यंत येत नव्हतं. कारखान्यात नव्या माणसाला मी पहिली गोष्ट हीच शिकवायचो, की उत्तर येत नाही म्हणजे समोरचा ऐकत नाही असं धरून चालू नका, आधी मोटरीची वीज काढा, मग बिघाड शोधा. हे मी इतक्यांना शिकवलं आणि त्या दुपारी स्वतः केलं नाही, कारण मला राग आला होता आणि मला घाई होती.

भीती गेली. तिच्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही.

दादा तेव्हा जिवंत होता. हे वाक्य मला इथे नीट लिहायचं आहे. दादा जिवंत होता, ऑपरेशनची वेळ अजून गेलेली नव्हती, आणि मी देवळातून घरी येईपर्यंत मला कळलेलं होतं की कौलाच्या क्षणी भिंत मी हलवली, आणि फूल त्या थरथरीने पडलेलं असू शकतं. मी तडक त्याला सांगायला आलो. तो बाल्कांवात, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, आरामखुर्चीवर बसला होता आणि रस्त्याने जाणाऱ्या एकाला सांगत होता, "देवान हात वर करून सांगलां माका, नको म्हणान. अशी जाप कोणाक मेळता?" त्याचा चेहरा त्या दिवसांत फार मोकळा दिसत असे.

तो माणूस गेला. मी पुढे झालो. दादाने वर पाहिलं.

मी म्हटलं, "जेवलास?"

तो म्हणाला, "जेवलंय."

मी आत गेलो.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं, की त्याला समाधान मिळालं आहे, ते कशाला मोडा. खरं कारण तेवढंच नव्हतं. देवाच्या कौलात माझा हात आला हे गावाला कळलं असतं. माझं काम चुकलं हे कळलं असतं, आणि माझ्या कामावर कोणी बोट ठेवलेलं मला कधी सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी पीन साफ केली. जत्रेला नगारा असा वाजला की लोकांनी माझी पाठ थोपटली. दादा गर्दीत उभा होता, एका हाताने खांब धरून.

पुढचा पाऊस संपता संपता तो गेला. शेवटी हॉस्पिटलात त्याच्या तोंडात नळी होती, डोळे मिटलेले. तिथली डॉक्टरीण म्हणाली, बोला त्यांच्याशी, ऐकू येत असतं. मी खाटेपाशी उभा राहिलो. सांगायची ती शेवटची वेळ होती आणि मला ते कळत होतं. मी त्याची चादर नीट केली.

काठीची गोष्ट त्यानंतर वाढत गेली. कोणी म्हणे, देवाने त्याला त्रासातून वाचवलं, नाहीतर तो टेबलावरच गेला असता. मी बोर्ड काढून घरी आणला आणि समितीला सांगितलं की जळला. मशीनची जुनी धडधड परत सुरू झाली.

या उन्हाळ्यात वहिनींच्या पोटात गाठ निघाली. म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, आता काढली तर काही नाही, राहू दिली तर मग बोलण्यासारखं काही उरणार नाही. वहिनींनी शांतपणे ऐकलं. बसमध्ये बसल्यावर म्हणाल्या, "ह्या घराक सुरी लागूची ना, भावजी. देवान एकदा सांगलां."

"ता दादाक सांगललां."

"घराक सांगलां. नायतर काठी उगीच हल्ली?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. आता गप्प राहणं म्हणजे काय हे मला समजत होतं. तरी मी लगेच सांगितलं नाही. मला आधी पुरावा हवा होता. माझ्या मनात आलं, मोटर हलली की फूल पडतं हे एकदा करून दाखवलं, की मला फारसं बोलावं लागणार नाही. मी बोर्ड घेऊन गुरवाकडे गेलो, आणि ती हकीकत पहिल्यांदा कोणाला सांगितली असेल तर त्याला.

तो म्हणाला, "मगे त्या दिवसा मी हात जोडलंय ते कोणाक रे? तुज्या मोटरीक?"

"होय."

"सत्यानाश केलंस." पण तो रागावलेला दिसला नाही, दमलेला दिसला. मी म्हटलं, फुलं लाव, मी मोटर हलवून दाखवतो. त्याने नकारार्थी मान हलवली. "देवाक उगीच फुलां लावूक जायनत. प्रश्न असलो तर लावतंय. तुजो प्रश्न काय?"

प्रयोग म्हणून फुलं लावता येत नाहीत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी देवापुढे उभा राहून प्रश्न सांगितला. त्या दुपारी फूल माझ्या मोटरीने पाडलं असेल तर उजवं दे, तू पाडलं असशील तर डावं दे. गुरवाने तो गाऱ्हाण्यात घातला. होय म्हाराजा म्हणायला मी एकटाच होतो.

मग मी बाहेर सोप्यावर येऊन बसलो. बोर्ड परत फळीमागे लावला होता आणि उत्तराची पीन यावेळी मी हाताने काढून ठेवली होती. पडद्यावर ओळखीची अक्षरं आली. मी बटण दाबलं.

"हल्ली," आतून गुरव म्हणाला. त्याने तळवा काठीखाली धरला होता.

"फूल?"

"ना."

मी दाबत राहिलो. तो सांगत राहिला, हल्ली, परत हल्ली. फूल पडलं नाही. उजवं नाही, डावंही नाही. मी वेग वाढवला, झटका वाढवला, शेवटी झांजासुद्धा किणकिणल्या. फुलं जिथल्या तिथे. मी मोटरीची वीज काढली आणि आत येऊन त्याच्याजवळ बसलो. त्याने परत गाऱ्हाणं घातलं. पाषाणावरचं पाणी हळूहळू आटत गेलं आणि त्याबरोबर फुलं दगडावर सुकून चिकटली. उन्हाची तिरीप दारातून आत आली, देवाच्या पायापर्यंत सरकली, आणि निघून गेली. देवाचे चांदीचे डोळे आमच्या दोघांच्या मधोमध कुठेतरी पाहत होते. मला तिथून उठावंसं वाटत होतं आणि पाठ करण्याचा धीर होत नव्हता.

"जाप दिना," गुरव शेवटी म्हणाला, अगदी हळू. "चल. आता हंय बसूचां न्हय."

घरी आलो तेव्हा वहिनी अंगणात सोलं वाळत घालत होत्या. कोकमाच्या त्या लालकाळ्या साली त्या एकेक उलटवत होत्या, दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. हिरवी पीन, तळव्यावर हललेली काठी, दादाला विचारलेलं जेवलास, आणि आजची न पडलेली फुलंही. ते शेवटचं वगळण्याचा मोह झाला होता. ते वगळलं असतं तर माझी गोष्ट सरळ झाली असती. पण मला हे खरंच माहीत नाही, की त्या दुपारी फूल कोणी पाडलं. काठी मी हलवली एवढंच माहीत आहे.

वहिनी सोलं उलटवत राहिल्या. ओळ संपल्यावर म्हणाल्या, "तेंका सांगलात?"

"ना."

"कित्याक?"

"तो सुखात होतो. कौल मेळलो म्हणान."

"सुखात?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "भियेले होते ते. लोकांक सांगत, देवान हात वर केलो, आणि आंथरुणार पडले की माका विचारीत, परत एकदा कौल लावूया काय? परत विचारूया? मीच नको म्हटलंय. देवाक दोनदा विचारूचां नसता म्हणान."

"एक शब्द तुमी सांगलो असतो, तर मी परत विचारूक दिलां असतां." त्या उठल्या, हातांकडे पाहिलं, पदराला न पुसता तसेच बाजूला धरले. "मी देवाचो मान राखलंय. तुमी तुमचो. आणि मदी ते गेले."

त्यानंतर बरेच दिवस त्यांनी मला जेवायला वाढलं, पण बोलल्या नाहीत. मग एकदा वाढतानाच म्हणाल्या, "सोमवारी आरतीक सगळे आसतत. थंय सांगा."

मी सांगितलं. आरती संपल्यावर चौकात उभा राहून, गुरवासमोर, समितीसमोर. बोर्ड हातात धरून दाखवला. कोणी ओरडलं नाही, कोणी शिवी दिली नाही, त्याची मी तयारी केली होती. त्यांनी माझ्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. एक जण खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भावाचां दुख्ख मनाक लागलां तुज्या." दुसरा म्हणाला, "बटण तू दाबलंस, खरां. पण त्याच वक्ताक दाबूची बुद्धी कोणी दिली?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, ते त्यांना पटलं. बाहेर येताना माझ्या मागे कोणीतरी एका नव्या सुनेला काठीची गोष्ट पहिल्यापासून सांगत होतं. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी वहिनी पिशवी भरून बाल्कांवात येऊन बसल्या. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "गाडी बोलवा. डाक्टराक सांगलां, येतंय म्हणान."

गाडी देवळाजवळ त्यांनी थांबवली. मला वाटलं कौल घेणार. त्या आत गेल्या नाहीत, पायरीपाशी उभ्या राहिल्या, चपला पायातच होत्या, ओठ हलताना मला दिसले. लगेच परत आल्या.

"काय विचारलात?" मी म्हटलं.

"विचारूक ना. सांगून इलंय."

गाठ सुखरूप काढली गेली, आणि ती साधी होती, कॅन्सरची नव्हती, हे संध्याकाळी कळलं. सकाळी त्यातलं काहीच माहीत नव्हतं. वॉर्डच्या दारात नर्सने विचारलं, बरोबर कोण आहे. वहिनींनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "देर असा माजो. तेंका भायर बसूंदे." दार लोटलं गेलं. मी तिथल्या बाकावर जाऊन बसलो.